सांडव्यावरची डाळिंबी साडी

आईला माहेर नव्हतं असं नाही. थोरला भाऊ होता, भावजय होती, जामखेडच्या पुढे खर्ड्याच्या अंगाला गाव होतं, गावात पत्र्याचं धडधाकट घर होतं. फक्त जाणं-येणं नव्हतं. आणि ते बंद पडलं होतं एका साडीपायी. हे सांगितलं की लोक हसतात. ज्यांच्या घरात लग्नं झालीत ते मात्र हसत नाहीत.

झालं असं, की मामा-मामी पूर्वी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. रान कोरडवाहू, त्यावर वर्ष निघायचं नाही. एकदा हंगाम संपवून येताना मामीनं आईला साडी आणली. डाळिंबी रंगाची, हिरव्या काठांची. फॉलही तिनंच लावला होता, कारखान्यावरच्या पाचटाच्या कोपीत बसून, आणि डाळिंबी दोरा मिळाला नाही म्हणून लाल दोऱ्यानं. आईला ती साडी इतकी आवडली की तिनं ती नेसलीच नाही. आमच्यात आवडलेली वस्तू वापरत नाहीत, ठेवून देतात. मग घराला रंग दिला, कपाट बदललं, गठ्ठे इकडचे तिकडे झाले आणि ती साडी देण्याघेण्याच्या साड्यांत जाऊन बसली. या साड्यांची एक वेगळीच जमात असते. एका लग्नात येतात, दुसऱ्या लग्नात जातात. त्यांतल्या काहींनी माझ्यापेक्षा जास्त जिल्हा पाहिलेला आहे.

माझ्या धाकट्या भावाचं लग्न निघालं तेव्हा आईनं तो गठ्ठा उपसला. कुणाला कुठली साडी हे ठरवताना, भावजयीला म्हणून तिनं त्यातली सगळ्यात भारी काढली. ती कुठून आली होती हे लग्नाच्या घाईत तिला आठवलं नाही. कार्यालयात मामीनं पिशवी उघडली, घडी उलटली आणि लाल दोरा बघितला. पंगत बसायच्या आधीच मामाला घेऊन स्टँडवर गेली. जेवलीसुद्धा नाही.

आईला उमगलं तेव्हा मामी निघून गेली होती. त्याच दिवशी फोन केला असता तर मिटलं असतं. पण त्याआधीच मामीचे शब्द चार तोंडांतून फिरून आले, की वन्संनी माझी साडी माझ्याच तोंडावर मारली. झालं. आता आईचाही पारा चढला. मी मारली? तोंडावर? इतकी वर्षं ओळखून हेच ओळखलं मला? दोघी एकाच मातीच्या. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही.

त्यानंतर भाऊबीजेला मामा एकटाच सावेडीला आमच्या घरी यायचा. येताना ज्वारी आणायचा, तुरीची डाळ आणायचा. ज्वारी मामीनं निवडलेली असायची, औषधाला खडा सापडायचा नाही. आई ती ओंजळीत घेऊन थोडा वेळ बघायची आणि मला म्हणायची, "टाक जा दळायला." वडील पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "साडीसाठी नवरा सोडलेल्या ऐकल्यात, माहेर सोडलेली ही पहिलीच." त्या दिवशी त्यांना दुसरा चहा मिळायचा नाही.

माझं माहेर सावेडीतच, माझ्या घरापासून स्कूटरच्या टप्प्यात. मी उठसूट जाते, भांडते, भाजीचा डबा घेऊन परत येते. त्यामुळे आईचं नेमकं काय तुटलंय हे मला बरीच वर्षं नीट कळलंच नव्हतं. मागच्या वर्षी गौरींना साडी नेसवताना ती निऱ्यांना टाचणी लावता लावता सहज म्हणाली, "या बऱ्या. यांना दर वर्षी कुणीतरी आणतं." मी पुढची टाचणी द्यायची विसरले.

गौरी गेल्या आणि दोन दिवसांनी मामाचा फोन आला. "तळं सांडलं," तो म्हणाला. "औंदा मान आपल्या घराचा हाय. तुझं तू ठरव." एवढंच बोलून त्यानं ठेवून दिला.

हा मान काय ते सांगायला हवं. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे. मोठ्या दुष्काळात रोजगार हमीवर बांधलेला. त्याच्या बांधावरची माती गावच्या बायकांनी डोक्यावरून वाहिली. आई तेव्हा परकर-पोलक्यातली पोरगी आणि मामी नुकतीच लग्न होऊन आलेली. दोघींनी एकाच ठिकाणी घमेली भरली. त्या बायकांनीच पुढे रीत पाडली, की तळं म्हणजे गावची लेक. दुष्काळी मुलूख, तळं वर्षानुवर्षं भरत नाही. पण ज्या वर्षी भरून सांडव्यावरून वाहायला लागतं, त्या वर्षी पाणी सासरी निघालं असं म्हणायचं आणि त्याची पाठवणी करायची. दर खेपेला एका घराचा मान. त्या घरच्या सुनेनं साडी आणायची, एक टोक तिनं धरायचं, दुसरं टोक त्याच घरच्या लेकीनं, आणि वाहत्या पाण्यावर ती साडी आडवी धरून पाणी तिच्यावरून जाऊ द्यायचं. मग ती ओली साडी पिळून लेकीला द्यायची. या लेकीला बोलावणं मात्र सुनेनं करायचं असतं. भावाच्या बोलावण्याला तिथं किंमत नाही.

आणि मामीचा फोन काही आला नव्हता.

"मी नुसतं पाणी बघायला जाणार," आईनं जाहीर केलं. "बांधावर बसेन, डोळे भरून बघेन, परत येईन. घरी पाऊल टाकणार नाही. कुणी मला आग्रह करायचा नाही."

वडिलांना चल म्हटलं तर त्यांनी हात जोडले. "मी आलो तर मला दोन्हीकडून बोलणी. घर राखतो." म्हणून मी, माझा नवरा, आमची मुलगी आणि आई असे निघालो. निघताना बघते तर आईनं पाण्याच्या सहा बाटल्या आणि वर एक कॅन भरून डिकीजवळ आणून ठेवलेला.

"आई, आपण तळं बघायला चाललोय," मी म्हटलं. "तिथे पाणी असतं."

"तिकडचं पाणी बाधतं मला."

"ज्या पाण्यावर वाढलीस ते?"

"वय झालं की बाधतं. तू मुकाट्यानं ठेव."

माझा नवरा बिचारा भांडण नको म्हणून कॅन उचलून डिकीत ठेवून मोकळा झाला. मी म्हटलं, फिल्टरची सवय, दुसरं काय. आणि थोडी दुष्काळाची खोड. कळशी पालथी दिसली तरी तिचा जीव कासावीस होतो.

कडा गेलं, आष्टी गेली. आईची एक गंमत आहे. सावेडीत ती शुद्ध बोलते, शेजारच्या शिक्षिकाबाईंना हरवील अशी. आणि गाडी जामखेडकडे लागली की एकेक शब्द पदर खोचायला लागतो. आष्टीपर्यंत ती 'आहे' म्हणत होती. जामखेडच्या अलीकडे 'हाय' सुरू झालं. खर्ड्याचा रस्ता लागल्यावर मुलीला सांगायला लागली, "त्यो बघ किल्ला. लई मोटा हाय आतून. आमी जत्रंला आलो की तटावर बसून भेळ खायाचो." दोन्ही बाजूंना उडदाची काढणी चालली होती. ओढे भरलेले, तुरी कमरेएवढ्या. असं हिरवं रान तिकडं क्वचित बघायला मिळतं. आई खिडकीची काच खाली करून बसली होती आणि तिनं हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. त्या पिशवीतून नारळाची शेंडी डोकावत होती. नुसतं पाणी बघायला निघालेल्या बाईच्या पिशवीत नारळ कशाला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी तोंडाळ आहे असं घरात सगळे म्हणतात, पण काही ठिकाणी मलाही कळतं.

तळ्याच्या बांधावर पोचलो. लहानपणी मी या जागेत शेळ्या चरताना बघितल्या होत्या. मधोमध उभं राहून हाका मारल्या होत्या. आता बांधाच्या गळ्यापर्यंत पाणी, बाभळी अर्ध्या बुडालेल्या आणि डाव्या हाताला सांडव्यावरून पांढरं पाणी खळाळत उतरत होतं. पोरं मोबाईल उंच धरून फिरत होती. एक भेळवाला गाडी घेऊन आला होता. बायका नटून आल्या होत्या, काही पुण्याहून, काही कारखान्यावरून, सासरी गेलेल्या सगळ्या लेकी.

आई बांधाच्या पार टोकाला गेली आणि एका बाभळीखाली चटई टाकून बसली. शेजारी आमच्या बाटल्या. ओळखीच्या दोघी-तिघी हाक मारून गेल्या, "अगं चल की खाली." ही म्हणायची, "बसते जरा, गुडघे दुखत्यात." गुडघे ठणठणीत आहेत तिचे. ती बांधावरून हात फिरवत होती. मुलीला म्हणाली, "हितली माती आमी टाकलीय. तुझी मामीआजी घमेलं भरायची, मी न्यायाचे. ती मला कधीच काठोकाठ भरून द्यायाची न्हाई. मुकादम वरडायचा तिच्यावर. म्हनायची, मान मोडंल पोरीची." एवढं बोलली आणि एकदम थांबली. मुलगी म्हणाली, "मग?" आई म्हणाली, "मग काय. झालं तळं."

मामी आली. डोक्यावर दुरडी, मागे मामा. मामा खूप वाळला होता. आम्हाला बघून त्यानं हात वर केला आणि लगेच खाली घेतला. मामीनंही बघितलं. नजर आमच्यावर थांबली, बाटल्यांवर गेली आणि सांडव्याकडे वळली.

गावातली सगळ्यात थोरली म्हातारी खुर्चीवर बसून पाठवणी चालवत होती. तिनं विचारलं, "मानाची सून आली. लेक कुठाय घरची?"

मामी दुरडी उतरवून खाली बसली होती, ती दुरडीतलंच काहीतरी लावत राहिली. आई बाभळीखाली पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी तिच्या कानाशी म्हटलं, "आई, ऊठ." ती म्हणाली, "बोलावलंय कुनी मला?" मी चिडले. खरं सांगते, त्या क्षणी मला दोघींचाही भयंकर राग आला. साठी ओलांडलेल्या बायका, आणि एका शब्दासाठी अडून बसलेल्या. मामा एकदा इकडं बघत होता, एकदा तिकडं. त्याच्याकडे बघवत नव्हतं. आज हे असंच गेलं तर पुन्हा तळं सांडेल तेव्हा यांतलं कोण असेल, कोण नसेल, असं माझ्या मनात आलं.

शेवटी भावकीतली आईची एक चुलत बहीण पुढे झाली. "मी धरते," म्हणाली. मामीनं मान हलवली, दुरडीवरचा कपडा काढला आणि साडी बाहेर घेतली.

डाळिंबी. हिरवे काठ.

मला वाटलं, आता मामी सगळ्या गावासमोर उट्टं काढणार. आईनं साडी ओळखली हे मला तिच्या श्वासावरून कळलं. ती उठली. गुडघ्यांचं काहीएक न आठवता, चपला बाभळीखालीच टाकून, तरातरा बांध उतरून गेली. मी मागे पळाले. तोवर मामी आणि चुलत मावशी पाण्यात उतरल्या होत्या, साडी उलगडली होती. आई पोटरीभर पाण्यात शिरली आणि मावशीला म्हणाली, "सोड ते. माझी साडी हाय."

मावशीनं टोक तिच्या हातात दिलं आणि शहाण्यासारखी बाजूला झाली.

"तुमची कशी?" मामी पलीकडून म्हणाली. इतक्या वर्षांनी बोललेला हा पहिला शब्द. "तुमी तर मला दिली की."

"तुमी मला दिल्याली, म्हनून माझी."

"मंग आहेरात कशी आली माझ्या?"

"गठ्ठ्यात गेल्ती. मला आठवलं न्हाई."

"आठवलं न्हाई. कोपीत चिमणी लावून फॉल लावला मी, आन तुमाला आठवलं न्हाई."

पाण्याला ओढ होती. साडी शिडासारखी फुगली होती आणि दोघींना ती मुठी आवळून धरावी लागत होती. काठावरच्या बायका पुढे सरकल्या. मोबाईलवाली पोरंसुद्धा थांबली होती. खुर्चीवरची म्हातारी तेवढी म्हणाली, "भांडा खुशाल. पर पदर सोडू नका, न्हाईतर जाईल खालच्या गावाला."

दोघींनी टोकं मनगटाला गुंडाळून घेतली.

"सगळ्यात भारी हुती," आई म्हणाली. "समद्या गठ्ठ्यात तीच भारी हुती, वैनी. म्हनून तुमाला काढली. हलकी असती तर दुसऱ्या कुनाला दिली नसती का?"

पाणी साडीवरून जात राहिलं. मग मामी म्हणाली, "हे तवाच का न्हाई सांगितलं?"

"तुमी जेवल्याबिगर गेलात. सांगू कुनाला? आन वर म्हनलात तोंडावर मारली."

"लागलं हुतं मला, म्हनून म्हनले. तुमी तरी याचं की भांडायला. मी वाट बघितली."

"मी बी."

मग मामीनंच सांगितलं, खाली बघत, पाण्याला सांगितल्यासारखं. साडी तिला नेसवतही नव्हती आणि टाकवतही नव्हती. मान आपल्या घराचा आला तेव्हा तिनं ठरवलं, हीच साडी पाण्यावर धरायची. "तुमी आला नसता तर भावाच्या हाती धाडणार हुते. पान्यातनं आलेल्या साडीला लेकीला न्हाई म्हनता येत न्हाई."

म्हणजे उट्टं वगैरे काही नव्हतं. फोन करायला जीभ रेटली नव्हती, म्हणून बाईनं सबंध तळं मध्ये घातलं होतं.

मग कुंकू वाहिलं, खण सोडला. आईच्या पिशवीतला नारळही मी धावत जाऊन आणला. सगळ्या लेकी-सुनांनी पाण्याला म्हटलं, "ये गं माघारी." आई आणि मामी साडीची टोकं धरून पिळत पिळत एकमेकींजवळ आल्या, चादर पिळताना येतात तशा. मामीनं तो पिळा आईच्या खांद्यावर ठेवला. "आता ठिवून देऊ नका," ती म्हणाली. "नेसा." आईनं भावजयीच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि मोठ्यानं रडली. मीही रडले. नवऱ्यानं मागाहून मला विचारलं, तू का रडत होतीस. याला काय उत्तर द्यायचं?

घरी पाऊल टाकणार नव्हती, ती मामीच्या पुढे घरात शिरली. पिठल्याला फोडणी कमी पडली म्हणून मामीला बोललीही. मामा ओट्यावर माझ्या नवऱ्याला उगाचच तुरीचे भाव सांगत बसला होता आणि मध्येच धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता. साडी पत्र्यावर टाकली होती. उन्हात ती पुरती वाळायच्या आधीच आईनं काढली आणि नेसून बाहेर आली. लाल दोरा पायाशी दिसत होता.

निघताना माझी मुलगी गाडीतून पाणी प्यायला बाटली घेऊन आली, आणि मामीचं तिकडं लक्ष गेलं. तिनं डिकीत वाकून बघितलं. पाच बाटल्या, एक कॅन, आणि सहावी मुलीच्या हातात.

"पानी बी घरनं आनलं व्हय, वन्सं?"

आई गोरीमोरी झाली. "तुमच्या दारात यायाचं न्हाई असं ठरवून निघाल्ते," ती म्हणाली. "तहान लागली तर मागावं लागलं असतं."

तेव्हा मला कळलं. मी आपली फिल्टर आणि दुष्काळ म्हणत बसले होते.

मामीनं एकेक बाटली घेतली, झाकण उघडलं आणि दारातल्या कडीपत्त्याच्या बुडाशी ओतली. कॅनही ओतला. मग आतून घागर आणली आणि सगळ्या बाटल्या काठोकाठ भरून, झाकणं घट्ट लावून परत ठेवल्या. आई शेजारी उभी राहून बघत होती.

परतीला आष्टी ओलांडली तेव्हा मला तहान लागली. मागे वळून म्हटलं, "आई, एक बाटली दे गं."

आईनं बाटल्या डिकीतून काढून पायांशी घेतल्या होत्या. दमट साडीचा पदर अंगाभोवती लपेटून ती बसली होती.

"म्होरं दुकान लागंल, तिथं इकत घे," ती म्हणाली. "हे माझ्या माहेरचं हाय."